विटाळाला दुसरा शब्द

अक्का, तुला ताडकळसच्या तुमच्या शेतात बसवून आलो आणि त्याच आठवड्यात शाळेत शोकसभा झाली. तुम्हा लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत, आडवंही निजवत नाहीत, मांडी घालून बसवतात, हे मला तुझ्याचकडून कळलेलं. तरी तुला तसं बघितलं आणि शाळाच आठवली. स्टाफरूममध्ये पेपर तपासायला बसायचीस तशीच ताठ बसली होतीस. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग.

शोकसभेत हेडमास्तर म्हणाले, "करुणाबाईंनी दोन शब्द बोलावेत. दोघींची जोडी आपल्या शाळेला ठाऊक आहे." मी उठले. समोर तुझी दोन्ही मुलं बसली होती. मी म्हटलं, "महानंदाबाईंना पोटाचा विकार झाला होता." मुलांच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं झालं, मला दिसलं ते. मग मी तुझ्या अक्षराबद्दल बोलले, पोरांना व्याकरण गोष्टीसारखं शिकवायचीस त्याबद्दल बोलले. खाली बसले तेव्हा बायका डोळे पुसत होत्या. सगळे म्हणाले, बाई छान बोलल्या.

पूर्णेला घरी आले आणि जेवणावरची वासनाच गेली. शब्दांचे नेमके अर्थ लिहायला बसलेली बाई मी, आणि तुझ्या आजाराचं साधं नाव माझ्या तोंडून निघालं नाही.

तूच सांगितलं होतंस तसं बोलायला. दवाखान्यात सुनेला आणि मला म्हणालीस, "भाईर पोटाचं म्हनून सांगा सगळे." म्हणून मी शब्द पाळला, असं मला म्हणता येईल. पण मी तुझ्यासाठी नाही पाळला, अक्का. चारचौघांत तो शब्द उच्चारायची मलाच लाज वाटली.

आपलं ते काम सुरू झालं तेव्हा तू केवढी खूश होतीस. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांसाठी एक छोटं पुस्तक करायचं होतं. पवित्र शास्त्रातले अवघड शब्द आणि त्यांचे अर्थ, चुडाव्याच्या, पोखर्णीच्या बाईला वाचून कळतील अशा भाषेत. मी रिटायर झालेली, हाताला काम नाही, म्हणून पाळकसाहेबांनी ते माझ्यावर टाकलं. पण मी आयुष्यभर गणित शिकवलेलं. मराठी तुझं. मी तुला फोन केला, भीतभीतच केला. तुमच्या धर्माचं पुस्तक नाही, घरचे काय म्हणतील. तू म्हणालीस, "शब्द कुनाच्या बापाचे असत्यात का? येते मी."

मग दर आठवड्याला दुपारच्या बसनं यायला लागलीस. मी चहा टाकायची, तू चष्मा पुसायचीस. पहिला शब्द 'पवित्र' घेतला होता. मी पाळकसाहेबांच्या पुस्तकांतून वाचून ठेवलेलं सांगितलं, की मूळ इब्री, म्हणजे हिब्रू, शब्दाचा अर्थ आहे वेगळं काढलेलं, देवासाठी बाजूला ठेवलेलं. तू चष्म्यावरून बघितलंस.

"वेगळं तर मलाबी बसवायचे सासरी, दर महिन्याला. म्हंजे मी पवित्रच झाले की गं."

किती हसलो आपण. चहा उतू गेला त्या दिवशी.

'प्रायश्चित्त' शब्दावर तू अडलीस. शास्त्रात त्या जागी जो मूळ शब्द आहे त्याचा अर्थ कुणी पुसणं सांगतं, कुणी झाकणं. तू म्हणालीस, दोन्हींत लय फरक हाय. पुसलेलं जातं, झाकलेलं तिथंच राहतं. दोन्ही लिही, वाचणारी ठरवील. आणि 'महारोग'. आमच्या जुन्या भाषांतरात तो शब्द आहे, आणि तोच रोग कपड्यांना होतो, घराच्या भिंतींनाही होतो, हिरवट लालसर डाग पडतात, याजक म्हणजे पुजारी येऊन बघतो असं शास्त्रातल्या लेवीय या पुस्तकात लिहिलंय. तू एकदम म्हणालीस, "अगं मंग ह्यो लोणा हाय. भिंतीला लागतो तसला. आमच्या मागच्या भिंतीला कवाचा लागलाय." तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्या शब्दापायी किती आजारी माणसांना उगीच शास्त्राचा धाक दाखवून गावाबाहेर काढलं असेल.

आणि मग 'अशुद्ध' आला.

मी कागदावर अर्थ लिहून ठेवला होता: अशुद्ध म्हणजे विटाळ झालेला. पुढं उदाहरणं. तू वाचलंस आणि पेन उघडलंस.

"करुणे, ह्यो शब्द खोड."

"का? विटाळ म्हटलं की बायकांना लगेच कळतं."

"कळतं म्हनूनच खोड."

मी अडून बसले. बाळंतीण, पाळीची बाई, मयताला हात लावलेला माणूस, हे सगळं आपल्याकडं विटाळातच येतं, मग दुसरा शब्द आणू कुठून? तू शिक्षिकेसारखी एकेक प्रश्न विचारायला लागलीस.

"तुमच्या शास्त्रातली ती अशुद्धता किती दिवस राहती?"

"बऱ्याचदा संध्याकाळपर्यंत. आंघोळ करायची, कपडे धुवायचे, दिवस मावळला की झालं. काही गोष्टींना जास्त दिवस."

"कुनाला लागती?"

"कुणालाही. याजकालासुद्धा."

"त्यात पाप असतंय का?"

"नाही. बाळंत होणं पाप कसं? घरच्या मयताला हात लावणं तर कर्तव्यच. फक्त तेवढा वेळ देवाच्या मंडपात जायचं नाही."

"मंग मला सांग," तू पेन खाली ठेवलंस, "तुझ्या आज्जीचा विटाळ कोन्या सांजच्याला फिटत होता?"

माझ्या आजीची गोष्ट नोकरीच्या पहिल्या वर्षी मीच तुला सांगितली होती. पोखर्णीच्या बाजूच्या एका गावात ती विहिरीपासून लांब घागर ठेवून उभी राहायची. कुणाला दया आली तर घागरीत पाणी पडायचं, वरून. नंतर आजोबांनी धर्म बदलला, आडनाव तेच राहिलं, विहीरही तीच राहिली. तेव्हा तू फक्त ऐकून घेतलंस. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तुझा डबा माझ्या डब्याला लावून ठेवलास, माझ्या भाजीत भाकरी बुडवलीस आणि तेल जास्त झालंय म्हणालीस. त्यानंतर रिटायर होईपर्यंत आपण डबा वेगळा खाल्ला नाही.

"आमच्यात तर सांगत्यात, गळ्यात लिंग हाय त्याला विटाळच न्हाई," तू म्हणालीस. "जन्माचा न्हाई, मरनाचा न्हाई, बाईचा न्हाई. सासूच्या गळ्यात बी होतं, माझ्या बी होतं. तरी पाट येगळा. ह्यो शब्द लय चिवट असतोय, करुणे. तू पुस्तकात घालू नको. घातलास तर बायांना वाटंल, देवानंच सांगितलंय."

मी म्हटलं, मग दुसरा शब्द दे. तू बरंच सुचवलंस. अडचण, बाजूला असणं, मनाई. एकही बसेना. शेवटी ती जागा कोरी ठेवली आणि तू बस पकडायला निघालीस.

दिवाळी झाली आणि तुझ्या पिशवीत एक सतरंजीचा तुकडा यायला लागला.

आधी मी लक्ष दिलं नाही. तू आलीस की दिवाणावर बसायचीस, पांढऱ्या चादरीवर, पाय वर घेऊन. आता आलीस की प्लॅस्टिकची खुर्ची ओढायचीस, सतरंजीची घडी तिच्यावर टाकायचीस, मग बसायचीस. मी म्हटलं, वर बस की. "असू दे गं, कंबर दुखती." जाताना सतरंजी झटकायची नाहीस, तशीच घडी घालून पिशवीत. गडद साड्या नेसायला लागलीस. तासाभरात उठायचीस. चहा मात्र घेत होतीस, ते मी बघून ठेवत होते. खरंच, अक्का. चहा घेते का, पाणी पिते का, कप कुठं ठेवते, हे सगळं मी बघायला लागले होते.

माझ्या डोक्यात आजीची घागर आली. वाटलं, म्हातारपणी मुलाच्या घरात राहते, तिथं कुणीतरी सोवळंओवळं शिकवलं असेल. इतकी वर्षं नोकरी होती म्हणून शेजारी बसली. आता आमच्या चादरीवर बसवेना. 'कंबर दुखती' हे तू सांगितलेलं कारण मी क्षणभरही खरं मानलं नाही. एकदा विचारावं, असंही वाटलं नाही. उलट काय केलं ते सांगते. तू यायच्या आधी मीच खुर्ची मांडून ठेवायला लागले, दिवाणापासून लांब, दाराजवळ. तुला सोपं जावं म्हणून नाही. तुला कळावं म्हणून, की मला कळलंय.

त्याच दिवसांत आपण मार्कच्या शुभवर्तमानातल्या एका बाईवर आलो. वर्षानुवर्षं रक्त जायचं तिचं, वैद्य करून थकली. गर्दीत मागून आली आणि येशूच्या वस्त्राला शिवली. मी वाचत होते, तू सतरंजीवर बसून ऐकत होतीस. नेहमीसारखी मध्ये बोलत नव्हतीस. मी लेवीयमधला नियमही वाचला, की असल्या बाईचं अंथरूण अशुद्ध, ती जिच्यावर बसली ती बैठक अशुद्ध, त्याला जो हात लावील तोही संध्याकाळपर्यंत अशुद्ध. मी वाचलं आणि पुढं गेले, अक्का. माझ्यासमोर तू बसली होतीस, आपली बैठक आपल्याबरोबर घेऊन, आणि मी पान उलटलं.

ती बाई लगेच बरी झाली इथं आले तेव्हा तू विचारलंस, "मंग गेली का निघून?"

"नाही. त्यानं गर्दीत वळून विचारलं, मला कोण शिवलं? मग ती थरथरत पुढं आली, सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. तो म्हणाला, मुली, तुझ्या विश्वासानं तू बरी झालीस, शांतीनं जा."

"सगळ्यांसमोर कशाला?" तुझा आवाज चढला होता. "बरी झाली व्हती ना? जाऊ द्यायचं गुपचूप."

मी पाळकसाहेबांकडून ऐकलेलं सांगितलं. गुपचूप गेली असती तर शरीरानं बरी झाली असती, पण गावानं तिला जवळ घेतलं नसतं. चारचौघांत त्यानं तिला मुलगी म्हटलं म्हणून ती माणसांत परत आली.

"त्ये खरं असंल," तू म्हणालीस. "पन तिला इचारलं का कुनी, तिला सांगायचं व्हतं का म्हनून?"

मी म्हटलं, पुढच्या वेळी बोलू. तो वाद तिथंच राहिला. तू जिंकलीस की मी, अजून कळलेलं नाही.

पुढच्या वेळी तू जरा लवकरच्या बसनं आलीस. चेहरा उतरलेला होता. खुर्ची दाराजवळ मांडलेलीच होती. तू पिशवीतून सतरंजी काढलीस, आणि मला काय झालं कोण जाणे. हातातला कप तुझ्यापुढं ठेवता ठेवता मी म्हणाले, "अक्का, आमच्या खुर्चीचा विटाळ होतो का गं तुला?"

जो शब्द लिहू नको म्हणून तू माझ्याशी भांडलीस तोच शब्द. हसत म्हणाले मी. हसत म्हणाले म्हणून जास्त लागला असेल.

तू माझ्याकडं बघितलंस. रागानं बघितलं असतंस तर मी पुढं भांडले असते. चहा तसाच ठेवलास, उघडलेली सतरंजी पुन्हा घडी केलीस. "बस चुकंल," एवढंच बोललीस. परतीच्या बसला अजून खूप वेळ होता.

मी फोन केला नाही. तूही नाही. मी मनाशी म्हणत होते, खरं होतं म्हणूनच उत्तर आलं नाही. त्या दिवसांत मी मंडळीत प्रार्थनेलाही गेले, शेजाऱ्यावर प्रीती कर हे वचनही म्हटलं, आणि माझ्यावर अन्याय झालाय अशा थाटात घरी आले.

मग मंजुषाचा फोन आला. तुझी सून माझ्याशी कधी फारशी बोललेली नव्हती. "बाई, अक्का नांदेडला दवाखान्यात हायत. तुमाला बोलवायल्यात."

वॉर्डाबाहेरच्या बाकावर तिनं मला सगळं सांगितलं. तू अंगणात चक्कर येऊन पडलीस. उचलायला गेली तर लुगडं भिजलेलं. पाळी जाऊन कितीतरी वर्षं झालेल्या बाईला पुन्हा रक्त जात होतं, आणि ते कित्येक महिन्यांपासून. पेटीतल्या जुन्या सुती साड्या फाडून तू कपडा करत होतीस, सगळे शेतात गेल्यावर धूत होतीस. गर्भाशयाचा कॅन्सर. पसरलेला. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीलाच आणलं असतं तर बरंच काही करता आलं असतं.

"बाई, त्या आमच्या सोफ्यावर बी बसत न्हवत्या," मंजुषा म्हणाली. "आपली सतरंजी टाकायच्या आन खाली बसायच्या. मला वाटायचं माझ्यावर राग हाय. माझ्या हातचं, माझ्या घरातलं नको वाटतंय. मी बी मंग तुसड्यासारखी वागले."

मी तिला सांगितलं नाही की मलाही तसंच वाटलं होतं. तिचा हात हातात घेतला फक्त. ती बिचारी माझ्यापेक्षा खरी होती. पहिल्या भेटीतच बोलून मोकळी झाली.

आत तू कुशीवर होतीस. "आलीस व्हय," म्हणालीस. जणू मधले आठवडे गेलेच नव्हते.

मी म्हटलं, "अक्का, मला तरी सांगायचंस."

"कुनाला सांगू गं या वयात? पोरांना? नातवंडं झाली आन हे काय, म्हनले असते. वाटलं, जाईल आपोआप." मग थांबलीस. डोळे मिटलेले होते. "तुला सांगनार व्हते. त्या दिवशी सांगायचंच ठरवून आले व्हते, लवकरची गाडी धरून. तू आदी बोललीस."

एवढंच. आवाजात दोष लावणारं काही नव्हतं, पण मी तुला एकेक शब्द तोलून प्रश्नपत्रिका काढणारी बाई म्हणून ओळखत आले. तू सहज बोललेलं वाक्यही नेमकं असायचं. तू आदी बोललीस. स्वयंपाक करताना, वाण्याकडं रांगेत, प्रार्थनेत, कुठंही ते कानावर येतं.

थोड्या वेळानं तू गळ्यातल्या लिंगाला हात लावलास. "किती महिने झाले, पूजेला हातावर घेतलं न्हाई ह्याला. घ्यायची लाजच वाटायची. आमच्यात विटाळ न्हाई म्हनून तुला मोठ्या तोंडानं सांगत व्हते मी. आन घरी गेले की हात पुढं जाईना."

तेव्हा बोलायला हवं होतं मी. आपण दोघी एकाच दावणीला बांधलेल्या आहोत, असं काहीतरी. तुला तुझा धर्म सांगत होता विटाळ नाही, मला माझा सांगत होता तू मुलगी आहेस, आणि एका सतरंजीच्या तुकड्यानं दोघींना होतं तिथं नेऊन ठेवलं. हे आता सुचतंय. तेव्हा सिस्टर आल्या, चादर बदलायची होती. मंजुषा औषधं आणायला गेलेली. सिस्टर म्हणाल्या, धरा जरा. मी तुला खांद्याखालून धरायला वाकले तर तू हात आडवा केलास. "नको. तू शिवू नको. घान हाय."

मी धरलं तुला. हलकी झाली होतीस. चादर निघेपर्यंत तू तोंड भिंतीकडं फिरवून ठेवलंस, आणि मी तुझ्या अंबाड्याकडं बघत राहिले. माफी ओठांवर होती. पण सिस्टर होत्या, शेजारच्या खाटेवरची बाई बघत होती. म्हटलं, पुढच्या खेपेला, दोघीच असताना. पुढच्या खेपेला तू शुद्धीवर नव्हतीस.

तुला बसवताना तुमच्या पुजाऱ्यांनी, जंगमांनी, सगळ्यांना बेलाचं पान दिलं. मलाही दिलं. कुणी विचारलं नाही ही कोण, कुठली. मी पान वाहिलं, माती लोटली. घरी आले आणि पायांवर पाणी घेतल्याशिवायच उंबरा ओलांडला. मुद्दाम. तुझ्यासाठी एवढं तरी, असं वाटलं. मग माझं मलाच हसू आलं आणि रडूही. गेल्यावर केलेलं ते तुझ्या काय उपयोगाचं.

शोकसभेनंतर चुडाव्याला बायकांची सभा होती. जायचं नव्हतं मला, पण सगळ्यांना निरोप गेलेले. पॅसेंजरनं गेले. एका घराच्या ओसरीवर आमच्या बायका होत्या, शेजारपाजारच्याही चारदोन येऊन बसल्या होत्या, आम्ही कुणाला उठवत नाही. मार्कमधली तीच गोष्ट वाचली. या खेपेला पान उलटलं नाही. म्हटलं, "बायांनो, पाळी वेळ सोडून जात असेल, फार जात असेल, गेलेली पुन्हा आली असेल, तर इथं कुणी बोलू नका. मी जाताना स्टेशनपर्यंत चालत जाणार आहे. ज्यांना यायचं त्यांनी माझ्याबरोबर चला."

सभा संपली आणि एक शेतकऱ्याघरची बाई बरोबर निघाली. रेखा तिचं नाव, चाळिशीची असेल. स्टेशन दिसेपर्यंत कापसाचा भाव, पोरीची शाळा, एवढंच बोलली. मग रस्त्यातच थांबली. "बाई, मला लय जातंय. पावसाळ्यापासून. मालकाला माहीत न्हाई."

तिला विचारून तिच्या नवऱ्याशी मी बोलले. तो वाईट नव्हता, घाबरलेला होता. परभणीला मोठ्या दवाखान्यात मी तिला घेऊन गेले. सोनोग्राफी झाली, तपासणीला तुकडा पाठवला. निकाल यायचा होता ते दिवस मी कसे काढले ते मी कुणाला सांगितलं नाही. रेखापेक्षा मीच जास्त घाबरले होते. साधी गाठ निघाली. ऑपरेशननं जाईल म्हणाले डॉक्टर.

परतीच्या गाडीला वेळ होता. परभणी स्टेशनच्या बाकावर आम्ही वडापाव खात बसलो होतो. रेखाला भूक लागली होती, किती दिवसांनी कोण जाणे. मध्येच तिनं विचारलं, "बाई, तुमाला कसं सुचलं हो हे इचारायचं? अशी कुनी इचारत न्हाई."

पोटाचा विकार हे शब्द पुन्हा तोंडाशी आले होते. मी म्हटलं, "माझी मैत्रीण होती. ताडकळसची. महानंदा. तिला गर्भाशयाचा कॅन्सर होता. तिनं लाजून सांगितलं नाही, आणि सांगायला आली तेव्हा मी तिला सांगू दिलं नाही."

असं तुझं नाव मी एका परक्या बाईपुढं घेतलं. तुला विचारलं नव्हतं. रेखा घास हातात धरून बसली. मग म्हणाली, "लय सोसलं म्हनायचं त्यांनी." आणि तुझ्यासाठी, कधी न पाहिलेल्या तुझ्यासाठी, पदर डोळ्यांना लावला.

घरी येऊन मंजुषाला फोन केला. म्हटलं, अक्काबद्दल लिहावंसं वाटतंय, खरं काय ते. ती म्हणाली, "लिवा बाई. घरच्यांचं मी बगते." तुझी मुलं रागावली आहेत असं नंतर कळलं. त्यांच्यापुढं जायचा धीर मला अजून झालेला नाही.

पुस्तकातली कोरी जागा आता भरली आहे. विटाळाला दुसरा शब्द मला सापडला नाही, अक्का. शेवटी 'अशुद्ध' हाच ठेवला आणि खाली लिहिलं: काही काळ देवाच्या मंडपापासून दूर असलेला. यात पाप नाही, घाण नाही. ही अवस्था कुणालाही येते आणि फिटते. त्याच्याखाली आणखी एक वाक्य: बाईला वेळ सोडून रक्त जात असेल तर तो आजार आहे, तिनं लगेच डॉक्टरकडं जावं.

पाळकसाहेबांनी वाचलं. म्हणाले, "करुणाबाई, हे शेवटचं वाक्य शास्त्राच्या शब्दार्थात बसत नाही."

मी म्हटलं, "बसत नाही, साहेब. राहू द्या."

त्यांनी राहू दिलं. त्याच पानावर शेवटी मी बारीक अक्षरांत तुझं नाव घातलंय, या शब्दावर जिनं माझ्याशी वाद घातला ती म्हणून. प्रत छापायला गेली. तू असतीस तर ते वाक्य वर घे म्हणाली असतीस, की माझं नाव आधी काढ म्हणाली असतीस, ते मला अजून कळत नाही. आणि विचारायला आता तू नाहीस.